गोधडीचं नवं कापड आधी धुवावं का? माझा अनुभव

आमच्याकडे गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचीच. वर्षानुवर्षं दगडावर आपटून आणि उन्हात वाळून ते कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. त्यामुळे शिवायच्या आधी कापड धुवायचं का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. मला पडला, कारण भाचीच्या बाळासाठी गोधडी करताना मी जुनं आणि नवं एकत्र घ्यायचं ठरवलं होतं. आत आईच्या वापरलेल्या सुती साड्यांचे थर, वर आजीच्या इरकलीचे तुकडे आणि अजरख या ठशांनी छापलेल्या कापडाचे चौकोन, खाली अस्तराला पुण्यातल्या कापडगंजातून आणलेला कोरा मांजरपाट.

आत्याला फोन केला. तिच्या हातच्या गोधड्या आमच्या चार घरांत आहेत. ती म्हणाली, "अगं, नवं आहे ना? मग पाण्यातून काढून घे. त्यात विचारायचं काय?" पॅचवर्कची क्विल्ट मशीनवर शिवणारी माझी मैत्रीण नेमकं उलट सांगत होती. धुतलं की कापडातली खळ जाते, ते लुळं पडतं, चौकोन तिरके कापले जातात आणि कडांचे दोरे सुटतात. ती सगळं कोरंच शिवते आणि तयार झाल्यावर धुते. तेव्हा सगळे थर एकदम आटून टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या येतात, त्या तिला आवडतात. तिच्या क्विल्ट मी पाहिल्या आहेत, खरंच सुरेख दिसतात.

फोन ठेवल्यावर वाटलं, दोघींचंही बरोबर आहे. मैत्रिणीचं सगळं कापड नवं, आत्याचं सगळं जुनं. माझ्याकडे दोन्ही होतं, आणि खरी अडचण तिथेच. मागावर ताण्याचे, म्हणजे लांबीचे उभे धागे सतत ताणलेले असतात. पहिल्यांदा पाण्यात पडलं की तो ताण सुटतो आणि कापड आखडतं, लांबीत जास्त, रुंदीत कमी. आतल्या साड्या आता हलणार नाहीत, पण कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आखडणार. मग वरची बाजू फुगणार, अस्तर ओढलं जाणार, आणि सगळा ताण हाताच्या टाक्यांवर येणार. धावदोरा बारीक असेल तर तो तुटतोसुद्धा.

तरी अंदाजावर सोडायचं नव्हतं. प्रत्येक नव्या कापडाचा तुकडा घेऊन त्यावर दहा इंचाचा चौकोन रंगीत दोऱ्याने आखला. कडेने न मोजता आतल्या खुणांमध्ये मोजायचं, कारण कडा उसवतात आणि माप फसतं. बाळाची गोधडी पुढे ज्या कोमट पाण्यात धुतली जाणार, तशाच पाण्यात तुकडे भिजवले, वाळवले, इस्त्री केली. मांजरपाट लांबीला साडेनऊ भरला, रुंदीला जेमतेम दोन दोरे कमी. दहा इंचात अर्धा इंच, म्हणजे चार फुटांच्या अस्तरात जवळजवळ अडीच इंच. एवढा फरक टाक्यांना पेलणारा नाही.

अजरख मात्र जवळपास होता तेवढाच राहिला. आधी नवल वाटलं, मग कारण लक्षात आलं. हा तुकडा कच्छमधल्या अजरखपूरहून आणलेला. 2001च्या भूकंपानंतर धमडका या छपाईच्या जुन्या गावातल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडू लागले, म्हणून तिथल्या छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांनी वसवलेलं हे गाव. तिथे छापण्याच्या आधीच कापडाची खळ धुऊन काढतात, मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, आणि पुढेही टप्प्याटप्प्याने धूत जातात. माझ्या हातात आलं तेव्हा ते कापड बरंच पाणी पिऊन आलेलं होतं. अजरखसारखी दिसणारी स्क्रीन छपाई बाजारात भरपूर मिळते. तिला हे लागू नाही, ती वेगळी तपासावी.

आटण्याचं समजलं, रंगाचं बाकी होतं. अजरखमधला निळीचा रंग धाग्याच्या वरवर बसतो, त्यामुळे नुसत्या घासण्यानेही थोडा उतरतो. अजरखचा तुकडा पांढऱ्या वाडग्यात कोमट पाण्यात ठेवला, मग ओला असतानाच पांढऱ्या रुमालावर दाबून इस्त्री फिरवली. रुमालावर फिकट निळा डाग आला. म्हणून तेवढं कापड रिठ्याच्या पाण्यात वेगळं धुतलं, पाणी नितळ येईपर्यंत. शेजारच्या काकूंनी मीठ घालायला सांगितलं. मी घातलं नाही. सुती कापड रंगवताना रंग धाग्याकडे जावा म्हणून मीठ वापरतात हे खरं, पण एकदा रंगलेल्या कापडातला सुटा रंग मिठाने पक्का होत नाही. व्हिनेगरनेही नाही. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो.

बाळासाठी धुण्याला आणखी एक कारण होतं. नव्या कापडावर खळ असते, शिवाय सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेली रसायनं असू शकतात. तान्ह्या अंगाला ते नको. खळ तशीच राहिली तर कपाटात कसर लागते, हा दुसरा त्रास. आणि गोधडी वर्षातले आठ महिने कपाटातच असते.

धुताना मैत्रिणीचं म्हणणं विसरले नाही. मांजरपाटाच्या कापलेल्या कडांना आधी मशीनने झिगझॅग मारलं, चारही कोपरे किंचित तिरके छाटले. कोपरे छाटले की दोरे कमी सुटतात. लहान तुकडे उशीच्या अभ्र्यात घालून धुतले, नाहीतर दोऱ्यांचा गुंता होऊन कापडाला पीळ बसतो. सावलीत वाळवलं आणि थोडं दमट असतानाच इस्त्री केली, तीही दाबत दाबत. इस्त्री ओढत नेली तर आटलेलं कापड पुन्हा ताणलं जातं आणि सगळी मेहनत वाया. अजरख लुळा पडला होता, म्हणून त्याला तांदळाच्या पातळ पेजेचा हात दिला, कडक झाल्यावरच चौकोन कापले. गोधडी पुरी झाल्यावर ती पेज पहिल्या धुण्यात निघून गेली.

इरकलीचे तुकडे नुसते झटकून घेतले. त्यांना पुन्हा धुण्याने काही मिळणार नव्हतं, उलट विरलेला भाग फाटला असता. ज्या जागा उजेडात धरल्यावर आरपार दिसत होत्या, तिथे मागून साडीचाच तुकडा लावून टाके थोडे जवळ घेतले.

गोधडी बारशाला पोचली आणि तेव्हापासून भाचीकडे मशीनमध्ये सर्रास धुतली जाते. अस्तर सपाट आहे, इरकलीवर निळा डाग नाही. आता भाचीला स्वतःसाठी मोठी हवी आहे, सगळी एकाच नव्या हातमागाच्या सुती कापडाची, आतला थरही त्याचाच. रंग पक्का निघाला तर ती मी न धुता शिवणार आहे, कापताना चार बोटं जास्त धरून.