आमची वाटचाल : लातूरच्या खिडक्या, कोकणातलं वादळ

आमचं दुकान लातूरला, ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या-दरवाजांचं. समुद्र आमच्यापासून किती लांब, तरी आज आमच्या कामातला बराच भाग श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या बाजूचा आहे आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, लातूरचा माणूस वादळाच्या खिडक्या कसा काय बसवायला लागला बुवा? म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सुरुवात सगळ्यांसारखीच, आधी दुसऱ्याच्या हाताखाली कटिंग, मग स्वतःची मशीन, बंगल्यांना स्लायडिंग, दुकानांना पार्टिशन. 2014 ची गारपीट आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही, पिकं गेलीच पण आम्हाला किती दिवस नुसत्या फुटक्या काचा बदलायचंच काम होतं. मग 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, प्यायलाच नाही तर बांधकामाला कुठलं, धंदा पार बसला. त्या रिकाम्या काळात पुण्याच्या एका फॅब्रिकेटरची, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याची, कामं अंगावर घेतली आणि तिथं लॅमिनेटेड काच नीट कळली. दोन काचांच्या मधी पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक थर, हातोडा मारला तर तडकते, सगळीकडं जाळं होतं, पण तुकडे त्या थराला धरून राहतात. टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच ताकदीची असते खरी, पण फुटली की सगळीच दाणे होऊन खाली आणि खिडकीला मोठं भगदाड.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वारा ताशी 110-120 किलोमीटर. आमच्या लातूरच्याच एका डॉक्टरांचं दिवेआगरला घर आहे, त्यांच्या लातूरच्या घराच्या खिडक्या आमच्याच, म्हणून त्यांचा फोन आला, येऊन बघा म्हणले. लॉकडाऊन सैल झाल्यावर बार्शी, टेंभुर्णी, पुणे, ताम्हिणी, माणगाव करत गेलो. सुपारीच्या बागा आडव्या, पत्रे कुठल्या कुठं. डॉक्टरांच्या घराला समुद्राकडची एक खिडकी फुटलेली आणि मागच्या बाजूचं छप्पर उचकटलेलं. त्यांना वाटलं दोन वेगवेगळी नुकसानं. तसं नसतं. समोरची काच गेली की वारा घरात शिरतो, आतून छताला वर ढकलतो, वरून जाणारा वारा त्याच छताला ओढत असतोच, दोन्ही जोर एकत्र झाले की छप्पर जातं. म्हणजे अशा ठिकाणची खिडकी उजेडासाठी तर असतेच, ती छप्पर पण राखते.

डॉक्टर म्हणले, "काच चांगली जाड टाका, पैशाचं बघू नका." मी म्हणलं, "साहेब, काचेचं नंतर बघू, आधी भिंत बघू द्या." आमचा धंदा आजपर्यंत याच एका वाक्यावर चाललाय असं म्हणलं तरी चालंल.

हिशोबच बघा की. ताशी 120 किलोमीटरचा वारा सरळ अंगावर आला तर एका चौरस मीटरला साधारण 65 किलोचा दाब, पाच बाय चार फुटांच्या खिडकीवर सव्वाशे किलोच्या आसपास. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट. आणि हा दाब एकसारखा नसतो, ढकलतो, ओढतो, परत ढकलतो, तासन् तास. अमेरिकेत फ्लोरिडाला 1992 ला अँड्र्यू हरिकेननं घरं उद्ध्वस्त केली, त्यानंतर तिथल्या मायामी-डेड काउंटीनं खिडक्यांची टेस्टच लावली. चार किलोचा लाकडी वासा ताशी 55 किलोमीटरच्या वेगानं काचेवर मारायचा आणि मग त्याच मार खाल्लेल्या खिडकीवर उलटसुलट दाबाचे झटके परत परत द्यायचे. वासा मारून झाल्यावरचा हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं फ्रेम, लॉक आणि बोल्टची परीक्षा होते. आमच्या खिडक्या त्या टेस्टला गेलेल्या नाहीत आणि आम्ही गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगतो. बाजारात "वादळप्रूफ" असं स्टिकर लावून काहीही विकलं जातं, त्यांना टेस्टचा कागद मागा एवढंच म्हणंन.

आता भिंत. कोकणात जुन्या घरांना जांभा. आपल्याकडं काळा दगड नाहीतर आरसीसी, बोल्ट आवळला की विषय संपला. जांभ्याला ड्रिल लावला की विटेसारखा लाल भुगा आणि साधा फास्टनर आत गरगर फिरत राहतो. पहिल्याच खिडकीला आमचा पोरगा म्हणला, "मालक, बोल्ट धरंनाच की हो." मग तिथं जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होऊन बोल्टला धरणारं रसायन, भरायला लागलो, आणि जिथं घरमालक तयार असतो तिथं खिडकीभोवती आधी आरसीसीची चौकट ओतून घेतो, तेच सगळ्यात बरं. कोपऱ्याजवळ एक अँकर, पुढं फूट-फूटभर अंतरावर. स्क्रू 316 स्टेनलेसचे, साधे खाऱ्या हवेत लवकरच गंजतात. काच फ्रेममधी खोल बसवून कडेनं स्ट्रक्चरल सिलिकॉन (काच फ्रेमला धरून ठेवणारा मजबूत चिकट मसाला), म्हणजे फुटलेली काच पडद्यासारखी निसटून जात नाही. समुद्राकडच्या बाजूला स्लायडिंग देतच नाही, बिजागरीवर बाहेर उघडणारं केसमेंट आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी अडकणारं मल्टीपॉइंट लॉक, वारा दाबंल तेवढा पल्ला गास्केटवर, म्हणजे रबरी पट्टीवर, जास्त बसतो. यातलं बिलात गिऱ्हाइकाला काहीच दिसत नाही, त्याला फक्त काचेची जाडी दिसते, त्यामुळं घासाघीस सगळी अँकरवरच होते!

एकदा एका काच तयार करून देणाऱ्या प्रोसेसरनं लॅमिनेटेडच्या ऑर्डरला साधी टफन भरून पाठवली, वरून बिल लॅमिनेटेडचं. तेव्हापासून प्रत्येक काचेची कड बघूनच गाडीत चढवतो, मधला थर कडेला डोळ्यांनी दिसतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गुजरातकडं गेलं तेव्हा आम्ही लातूरला रात्रभर फोन धरून बसलेलो. खिडक्या टिकल्या. एका घरी काच तडकली, जागा सोडली नाही, बदलून दिली. त्यानंतर आजूबाजूची कामं आपोआप यायला लागली, जाहिरात म्हणून काही केलंच नाही आम्ही.

सगळ्यांनाच ही खिडकी पाहिजे असं पण नाही. खर्च साध्या खिडकीच्या कितीतरी पट. जुन्या घरांना बाहेरून बंद होणारे सागवानी पल्ले असतात, ते नीट कडी-कोयंड्याचे असतील तर तेच दुरुस्त करून वापरा म्हणून मी स्वतः सांगतो, आमच्या पार्टनरला ते आवडत नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून मात्र काही होत नाही, तो वेळ वाया. आणि ज्या घराचे पत्रे नुसत्या हुकावर टेकलेत तिथलं काम आम्ही घेत नाही, आधी छत बांधून घ्या.

सध्या गुहागरच्या एका घराचं माप झालंय. पावसाळ्यात सिलिकॉन ओल्या भिंतीला नीट धरत नाही, त्यामुळं फिटिंग दिवाळीनंतरच. कुणाला कोकणातल्या घराचं विचारायचं असंल तर खिडकीचं माप नंतर पाठवा, आधी छताचा आणि भिंतीचा फोटो पाठवा.