या अभ्यासाचा प्रमुख कोण?

न्यूझीलंडमध्ये, दक्षिण ऑकलंडमधल्या मांगेरेत, सामोआ, टोंगा अशा पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या लोकांना आमच्या जनुकीय अभ्यासाची माहिती द्यायची आणि जे तयार होतील त्यांचं रक्त घ्यायचं, असा बेत होता. वार मुद्दाम शनिवार. रविवारी चर्चनंतर भरपेट जेवण असतं, त्यामुळे उपाशीपोटी नमुना मिळणं अवघड. रक्तदाबाच्या यंत्राचा मोठा पट्टा मी स्वतः पिशवीत टाकला होता. नेहमीचा पट्टा जाड दंडाला तोकडा पडतो आणि रक्तदाब आहे त्याहून जास्त दाखवतो. मग माणसाच्या कपाळी फुकट आजार लागतो. आमच्या साहित्याच्या यादीत हा पट्टा कधीच नसतो. यादी बनवणाऱ्यांनी असे दंड मोजलेलेच नसतात.

विषय होता सीआरईबीआरएफ जनुक. त्याचा एक प्रकार सामोअन लोकांत खूप आढळतो. तो असलेल्यांचं वजन जास्त, पण टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी, हे 2016 मध्ये सुमारे 3,000 सामोअन लोकांच्या तपासणीतून पुढे आलं. मी पुण्याची, त्यामुळे मला उलटी बाजू पाठ: वजन बेताचं, पण अंगात चरबी जास्त. 2004 मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. एका आकड्यावर कुणाचं शरीर ओळखता येत नाही, एवढं तरी आम्ही पुणेकर सांगू शकतो.

हॉलमध्ये आमच्या प्राध्यापकांचं बोलणं संपल्यावर एक टोंगन आजी उठल्या. 2000 मध्ये ऑटोजेन या ऑस्ट्रेलियन कंपनीने टोंगाच्या आरोग्य मंत्रालयाशी जनुकीय माहितीचा करार केला होता आणि लोकांच्या विरोधामुळे तो बारगळला, हे त्यांना चांगलं आठवत होतं. ‘‘उरलेलं रक्त कुठे जाणार?’’ फ्रीझरमध्ये, उणे 80 अंशांवर, मी सांगितलं. ‘‘फ्रीझर कुणाचा?’’ विद्यापीठाचा.

मग एका सामोअन मताईंनी, म्हणजे घराण्याच्या प्रमुखांनी, विचारलं, ‘‘या अभ्यासाचा प्रमुख कोण?’’ प्राध्यापकांनी हात वर केला. मताई आमच्या सामोअन डॉक्टरबाईंकडे वळले. ‘‘मग बाळ, तू कोण?’’

कागदावर ती ‘सांस्कृतिक सल्लागार’, आठवड्याला अर्ध्या दिवसाच्या पगारावर. हॉल तिच्या फोनमुळे भरला होता. प्रश्नावलीतले निम्मे प्रश्नही तिनेच सुधारलेले. तिने खरं तेच सांगितलं. त्या दिवशी कुणीही बाही वर केली नाही.

परतताना प्राध्यापक वेळापत्रक कोसळल्याबद्दल बोलत राहिले. भला माणूस, पण लोक ‘सहभागी’ होतात म्हणजे दंड पुढे करतात, अशी त्यांची समजूत.

अभ्यासाच्या नव्या अर्जात ती सहप्रमुख आहे. साठवलेल्या नमुन्यांवर कोणतीही नवी तपासणी करायची तर आधी लोकांच्या समितीची परवानगी घ्यावी लागेल. खर्चाच्या कागदांवर सही मात्र अजून एकट्या प्राध्यापकांचीच चालते. तो अधिकार तिने लेखी मागितलाय. विभागाचं उत्तर आलेलं नाही.