ठाण्याला कोण उतरले?

नौपाड्यातल्या आमच्या घरी दहावीची काही मुले संध्याकाळी इंग्रजी शिकायला येतात. गेल्या आठवड्यात पावसावरच्या निबंधात एका मुलीने लिहिले होते, ‘गेटिंग ऑफ द ट्रेन ॲट ठाणे, द रेन स्टार्टेड.’ मी खाली लाल रेघ ओढताच ती म्हणाली, “पण मॅडम, ठाण्याला उतरताना पाऊस सुरू झाला, हे बरोबरच आहे ना?” मराठीत ते अगदी बरोबर आहे आणि चुकीचे मूळही, माझ्या मते, तिथेच आहे.

आपले ‘-ताना’ कर्त्याच्या बाबतीत सैल असते. उतरणारी मी आणि सुरू होणारा पाऊस, असे दोन कर्ते एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत मात्र वाक्यारंभी आलेला ‘-इंग’चा पदबंध स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला चिकटतो, त्यामुळे तिच्या वाक्यात गाडीतून पाऊसच उतरला होता.

मी तिला ‘-ताना’ऐवजी ‘-ऊन’ लावून पाहायला सांगितले. ‘ठाण्याला उतरून पाऊस सुरू झाला’ असे मोठ्याने वाचून ती स्वतःच थांबली, कारण ‘-ऊन’ला बहुधा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो आणि मराठी कानाला ते शिकवावे लागत नाही. मग तिने वाक्य बदलले: ‘गेटिंग ऑफ द ट्रेन ॲट ठाणे, आय फेल्ट द फर्स्ट ड्रॉप्स ऑफ रेन.’ पाऊसच कर्ता हवा असेल, तर पदबंध मोडून ‘ॲज आय गॉट ऑफ द ट्रेन’ असे म्हणावे.

कर्मणी प्रयोगात मात्र ही कसोटी पुरत नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुमारे 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला आली, हे इथल्या मुलांना पाठ असते. त्यावर दुसऱ्याने लिहिले होते, ‘लीव्हिंग बोरीबंदर ऑन 16 एप्रिल 1853, ठाणे वॉज रीच्ड बाय द फर्स्ट ट्रेन.’ ‘बोरीबंदरहून निघून पहिल्या गाडीने ठाणे गाठले’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ठाणेच बोरीबंदरहून निघाले. इथे स्वल्पविरामानंतरचा शब्दच पाहावा लागतो: ‘द फर्स्ट ट्रेन रीच्ड ठाणे.’

‘कन्सिडरिंग’सारखे काही शब्द आता शब्दयोगी अव्ययांसारखे वापरले जातात, त्यांना हा नियम लागत नाही. पदबंधाने स्वतःचा कर्ता सोबत आणला, तरीही अडचण येत नाही. ‘पाऊस थांबून ऊन पडले’ यात थांबणारा आणि पडणारे वेगळे असूनही कुणी अडखळत नाही, कारण ‘पाऊस’ स्पष्ट सांगितलेला आहे. इंग्रजीतही तसेच ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी वॉक्ड टु तलावपाळी’ असे लिहिता येते. त्या मुलीने निबंधाचा शेवट याच वाक्याने केला आणि तिथे मला रेघ ओढावी लागली नाही.