शेवटची ओळ

एप्रिल सरत आला की आमच्याकडे वळीव येतो, आणि वळीव आला की लाइट जाते. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर मी बाहेरून सांभाळतो. त्या संध्याकाळी साडेसातला व्यवस्थापकांचा फोन आला. "लाइट आली, पण सर्व्हर टकटक करतोय. जरा या."

टकटक म्हणजे हार्ड डिस्क गेली. तरी मी निवांत होतो. रोज सातला सगळा हिशेब एका फाइलमध्ये काढून ती फाइल बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी व्हायची. स्क्रिप्ट माझीच. डिस्क लॅपटॉपला लावली आणि पोटात गोळा आला. रोजची २ जीबीची फाइल आज ८०० एमबीची होती. कॉपी चालू असतानाच लाइट गेली होती, आणि यूपीएसच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती.

"आजची अर्धी राहू दे, कालची काढा," साहेब म्हणाले.

कालची नव्हतीच. मी रोज त्याच नावावर कॉपी करत होतो. लिनक्सची 'सीपी' आज्ञा जुन्या फाइलवर लिहायला घेते तेव्हा आधी ती फाइल शून्य बाइटची करते आणि मग नवा मजकूर भरत जाते. पाटी आधी पुसायची, मग लिहायचं. म्हणजे रोज संध्याकाळी काही मिनिटं संस्थेकडे बॅकअप नावाची गोष्टच नसायची, आणि हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साहेबांना हे सांगताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

अर्धी फाइल उघडून तळाशी गेलो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप, म्हणजे हीच सगळ्या हिशेबाची फाइल, पूर्ण झाला की शेवटी 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख अशी ओळ येते. इथे मजकूर एका सभासदाच्या आडनावाच्या मधोमध तुटला होता.

एक आशा होती. पुसलेल्या फाइलचा मजकूर डिस्कवरून लगेच जात नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. म्हणून डिस्क अनमाउंट केली, म्हणजे तिच्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही, मग 'डीडी' आज्ञेने तिची जशीच्या तशी पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीत 'ग्रेप' या शोधायच्या आज्ञेला व्हाउचरच्या टेबलाचं नाव शोधायला लावलं. डंप कॉम्प्रेस केलेला नव्हता. जागा वाया जाते म्हणून तो झिप करायचं मी दोन महिने पुढे ढकलत होतो. त्या आळसाने वाचवलं, कारण झिपच्या तुकड्यात असं नाव शोधून सापडलं नसतं.

रात्री अकराच्या पुढे तुकडे सापडायला लागले, पण चार-पाच वेगवेगळ्या दिवसांचे, एकमेकांत मिसळलेले. प्रत्येक तुकड्यातली शेवटची व्हाउचर तारीख बघून कालचे वेगळे काढले. डंपमध्ये टेबलं इंग्रजी वर्णक्रमाने येतात, त्यामुळे आधी येणारी खात्यांची टेबलं आजच्या अर्ध्या फाइलीतून मिळाली आणि व्हाउचर कालपर्यंतची. आजची व्हाउचरं कॅशियर ताईंनी कागदावरून भरली, पिग्मी एजंटांच्या याद्या घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी रोजकीर्द पैशाला पैसा जुळली तेव्हा त्यांनी मला न विचारताच चहा मागवला.

स्क्रिप्ट त्याच आठवड्यात बदलली. आता नवी फाइल वेगळ्या नावाने लिहायची, 'सिंक' करून डिस्कवर पक्की करायची, शेवटची ओळ तपासायची आणि मगच 'एमव्ही' या नाव बदलायच्या आज्ञेने तिला जुन्याचं नाव द्यायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी त्या नावाखाली जुनी पूर्ण फाइल असते किंवा नवी पूर्ण. यातही मी एकदा चुकलोच. तात्पुरती फाइल सर्व्हरच्या 'टेम्प' फोल्डरमध्ये ठेवली होती. ते पडलं दुसऱ्या डिस्कवर, आणि दोन डिस्कांमध्ये 'एमव्ही' म्हणजे पुन्हा कॉपीच. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात हवी. 'आरसिंक' हा कॉपी करायचा प्रोग्रॅम त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहून मग नाव बदलणं आपणहून करतो, जुन्या फाइलवरच लिहायचा 'इनप्लेस' पर्याय दिला नाही तर. आधीच तो वापरला असता तर, पण असो. शिवाय आता वारागणिक सात फाइली ठेवतो आणि यूपीएसला नवी बॅटरी आहे.

साहेबांना यातलं 'एमव्ही' वगैरे काही माहीत नाही. पण आकाशात गडगडलं की त्यांचा फोन येतो, "शेवटची ओळ आली का हो?"