सात तास दहा मिनिटं

बाबांना सकाळी सात वीसला आत नेलं. हृदयाची बायपास, चार ग्राफ्ट, म्हणजे तुंबलेल्या धमन्यांना वळसा देणारे चार जोड. सर्जन म्हणाले होते, "चार-पाच तास धरून चाला." पाच तास झाले, सहा झाले. आमच्याच बरोबर आत गेलेले बार्शीचे काका चार तासांत बाहेर आले, तेव्हापासून आई माझ्याशी बोलेना, नुसती दाराकडे बघत बसली.

अडीचला सर्जन आले. "व्यवस्थित झालंय," हे त्यांचं वाक्य पुरतं ऐकायच्या आधीच मी विचारलं, "मग एवढा वेळ का?"

त्यांनी हिशेब सांगितला. भूल देऊन नळ्या घालण्यात पहिला तास-सव्वा तास गेला. मग पायातली शीर आणि छातीच्या आतली धमनी सोडवायची, हे किचकट काम, इथे घाई केली तर ग्राफ्टच खराब होतो. हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बाबा होते 112 मिनिटं, आणि त्यातली 74 मिनिटं हृदय थांबवलेलं होतं. "घड्याळ बघायचंच तर हे बघा," म्हणाले. मशीनवर रक्त जितका वेळ प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरतं तितकी अंगात सूज वाढते, किडनीवर ताण येतो, रक्त गोठायला त्रास होतो.

आमचा जादा वेळ मात्र मशीन काढल्यावरचा होता. बाबांची रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल फक्त दोन दिवस आधी बंद झाली होती. एरवी पाच दिवस थांबतात, पण दुखणं थांबायला तयार नव्हतं. त्यामुळे रक्तस्राव आटोक्यात आल्याशिवाय छाती बंद करता येईना.

व्हेंटिलेटरची नळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. त्यानंतर बाबा तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकण्याऐवजी श्वास आत ओढायला शिकले (फुंकरच मारायचे), छातीशी उशी धरून खोकायला शिकले. छातीपेक्षा पायाचीच जखम जास्त ठणकायची. आठव्या दिवशी घरी.

चार तासवाल्या काकांचे ठोके तिसऱ्या दिवशी अनियमित झाले, त्यात मधुमेह. आम्ही निघालो तेव्हा ते अजून वॉर्डातच होते. काकू आईला म्हणाल्या, "तुमचं लांबलं म्हणून तेव्हा मला तुमची कीव आली होती हो."

बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सात तास चाललं माझं ऑपरेशन. परवा मावशीला नऊ सांगितले.