टाइप लिहिला होता, तरी फाइली गेल्या

आज अख्खी दुपार एका स्क्रिप्टच्या (छोट्या प्रोग्रॅमच्या) पॅरामीटर्सवर, म्हणजे ती चालवताना द्यायच्या पर्यायांवर गेली, पण ती सत्कारणी लागली.

जुन्या फाइली पुसणारी पायथन स्क्रिप्ट. 'डिलीट' पर्यायाला मी 'फॉल्स' (नाही) दिलं, तरी तिने फाइली पुसल्या. चाचणीचं फोल्डर होतं म्हणून निभावलं. आर्गपार्समध्ये, म्हणजे हे पर्याय वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमध्ये, टाइप (माहितीचा प्रकार) 'बूल', म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, असा लिहिला होता, सगळं बरोबर दिसत होतं. पण आर्गपार्स टाइपकडे फंक्शन म्हणून पाहतं आणि मी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा त्या फंक्शनच्या हाती देतं. 'फॉल्स' हा रिकामा नसलेला मजकूर, आणि असा कुठलाही मजकूर 'बूल'ला खराच वाटतो, म्हणून उत्तर 'ट्रू' (हो)! आता तिथे 'स्टोअर ट्रू' आहे: पर्याय लिहिला तरच पुसायचं.

मग 'दिवस' हा पर्याय. टाइप 'इंट' (पूर्णांक) असला की अक्षरं दिल्यावर काम सुरू होण्याआधीच एरर येते, हे छान. पण उणे पाच मात्र बिनबोभाट चालतं, म्हणजे सगळ्याच फाइली जुन्या ठरणार. त्यासाठी छोटं तपासणी फंक्शन लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ पर्यायांचा अर्थ सांगणाऱ्या मदतीच्या ओळींना लागला. आधी नुसतं 'दिवसांची संख्या' होतं. कसले दिवस? आता लिहिलंय: 'शेवटच्या बदलाला इतक्या दिवसांहून जास्त झाले तर फाइल जुनी, काही न दिल्यास ३०.' ही एक ओळ मी चारदा खोडली.

आणि हो, पायथनचा 'इंट' देवनागरी ३० सुद्धा आकडा म्हणून स्वीकारतो. करून पाहिलं, फार आनंद झाला.