एकाच पिशवीतलं बियाणं

रस्त्यावरून रान इतकं छान दिसत होतं की गाडीतून उतरायच्या आधीच मी वहीत लिहून टाकलं : ‘पीक जोमदार. तक्रारीत तथ्य दिसत नाही.’ नोकरीचं चौथं वर्ष होतं. वहीचं ते पान मी अजून ठेवलंय.

बियाण्याची तक्रार आली की रानात जाऊन पाहणी करायची, हे माझं काम. मक्याला दाणेच धरत नाहीत, बियाणं बोगस निघालं, असा अर्ज होता. अर्जदार बांधावर वाट बघत उभे होते. म्हणाले, “मॅडम, बाहेरून बघू नका. आत चला.”

आत डोक्याच्या वर गेलेला मका. ताटाताटाला कणीस आणि प्रत्येक कणसावर वीतभर लोंबणारा केसांचा झुबका. मला तर ते बघून बरंच वाटलं. काकांनी काही न बोलता एक कणीस मोडलं आणि सोलून माझ्या हातात ठेवलं. दांडा चांगला लांब, पण दाणे बुडाकडे कुठे चार, कुठे सहा. बाकी सगळं पांढरं, मोकळं. दुसरं सोललं, तिसरं सोललं. तेच. काही ताटांची पानं जांभळट झाली होती. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं असेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण दाणेच नसले की पानांत तयार झालेली साखर जायची कुठे? ती तिथेच साचते आणि पान रंग बदलतं.

आता त्या केसांची गोष्ट. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. तुऱ्यातला पराग केसावर पडला आणि फळधारणा झाली, की केसाची वाढ थांबते, तो सुकतो, बुडातून सुटतो. पराग मिळालाच नाही तर केस आणखी काही दिवस वाढतच राहतो. म्हणजे मी ज्याला जोम समजले होते, तो वीतभर झुबका परागाविना राहिलेल्या केसांचा होता. शिकलेलं होतं हे सगळं, परीक्षेत लिहिलंही होतं. रस्त्यावरून बघताना आठवलं नाही, इतकंच.

“तुरा कधी आला होता, काका?”

त्यांनी बोटांवर मोजलं. पावसाचा खंड सुरू होऊन आठवा दिवस. आणि केस? “ते मागनं आले. आठ-दहा दिवसांनी. तोवर तुरा झडून गेला होता.”

खरं तर निदान तिथेच झालं होतं. पाण्याचा ताण पडला तरी तुरा फारसा थांबत नाही. तो शेंड्याला असतो, अन्न आधी त्याला मिळतं. केसांचं तसं नाही. केस लांबतात ते पेशींत पाणी भरून, आणि ताणात कणसाकडे जाणारी साखरही आटते. एका रानातला पराग आठवडाभरात झडून संपतो. एरवी दोन-तीन दिवसांचं असणारं अंतर आठ-दहा दिवसांवर गेलं, तर केस बाहेर येतात तेव्हा हवेत पराग उरलेलाच नसतो. बुडाचे केस आधी निघतात, म्हणून जे थोडे दाणे धरले ते बुडाकडेच.

पण हे सांगितलं तर काका मानणार नव्हते, आणि त्यांच्या जागी मीही मानलं नसतं. पुरावा बांधापलीकडे होता. धाकट्या भावाचा मका खांद्याएवढाच, खालची पानं करपलेली. रस्त्यावरून मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. तो म्हणाला, “बियाणं तेच आहे की. दादाच्या पिशवीतलं उरलेलं.” पेरणीयंत्र मोडलं म्हणून त्याची पेरणी सोळा दिवस मागे पडली होती आणि त्यावरून थोरल्याची बोलणीही खाऊन झाली होती.

त्याच्या कणसाचं आवरण मी ब्लेडने उभं चिरलं, हळूच सोडवलं आणि कणीस उलटं धरून हलवलं. केस झडून पायाशी पडले. जवळजवळ सगळे. खाली पाणीदार फोडांसारखे कोवळे दाणे, ओळीने बसलेले.

मग मी दोन्ही कणसं शेजारी धरली. ओळी दोन्हीकडे चौदा. (मक्याच्या ओळी जवळजवळ नेहमी सम असतात, कधी मोजून बघा.) ओळींची संख्या मुख्यतः वाणावर ठरते, बियाणं वेगळं असतं तर इथेच शंका आली असती. लांबी मात्र केस फुटण्याआधीच्या आठवड्यांत ठरते. थोरल्याचं कणीस लांब, कारण तेव्हा पाऊस होता. धाकट्याचं आखूड, कारण त्याच्या पिकाने चोवीस दिवसांचा खंड वाढीच्या काळात सोसला आणि तुरा निघाला त्याच दिवशी पाऊस आला.

डूरेनबॉस आणि कासम यांनी १९७९ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी मांडलेला हिशेब मी तिथेच बांधावर करून दाखवला. पाण्याची गरज २० टक्के अपुरी राहिली आणि ती वाढीच्या काळात असली, तर मक्याचं उत्पन्न साधारण ८ टक्के घटतं. तेवढीच तूट फुलोऱ्यात पडली तर ३० टक्के. पाऊस तोच, तूट तीच.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी वेळेवर पेरलं, ही माझी चूक?”

नाही म्हटलं मी. खंड सोळा दिवस उशिरा पडता तर धाकट्याचं रान असंच पोकळ निघालं असतं. हे खरं होतं, पण त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. अहवालाच्या नमुन्यात दोनच रकाने होते : बियाणं सदोष, बियाणं निर्दोष. मी दुसऱ्यावर खूण केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बाकीचं लिहिलं. ते कुणी वाचलं की नाही, ठाऊक नाही.

निघताना त्यांनी विचारलं, आता हे कापून गुरांना घालू का? घाला, पण ताट बुडापासून हातभर सोडून कापा, म्हटलं. ताण खाल्लेल्या मक्यात गुरांना विषारी ठरणारं नायट्रेट साचतं, सगळ्यात जास्त बुडख्यात. आणि पाऊस पडला की मुळं ते आणखी ओढून घेतात, म्हणून पावसानंतर आठवडाभर तरी कापणी नको.

काकांनी वर बघितलं. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं.

“इळा आण रे,” ते धाकट्याला म्हणाले. “आजच कापू.”